तुझ्या हातच्या फुल्या

दिगू, आपली वही माझ्या टेबलावर तशीच पडली आहे. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. रोज सकाळी कोर्टात निघण्यापूर्वी मी ती उघडतो, तुझं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर पाहतो आणि पुन्हा मिटून ठेवतो. पुढे लिहायचं म्हणजे तिसऱ्या निवडणुकीचं पान लिहायचं, आणि ते पान कोरं होतं. पाचव्या निवडणुकीपर्यंतचं बाकी सगळं तू मागितल्याबरोबर भरून दिलंस. तेवढं पान मात्र दिलं नाहीस.

तुझी कुसुम म्हणाली, "काका, बाबांवर चार ओळी लिहा." चार ओळींत काय लिहायचं? जन्म कुठे झाला, किती वर्षं मास्तरकी केली, कोणत्या आजाराने गेलास, हे तिला माहीत आहे आणि बाकीच्यांना त्याचं काही पडलेलं नाही. मी आपला तुझ्याशीच बोलतो. वकिलाला समोर कोणी तरी लागतं, त्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि खरं सांगू का, मी फार थकलो आहे. थकलेल्या माणसाने ओळखीच्याच माणसाशी बोलावं.

वहीचं काम अमरावतीच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. आपल्या मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास हवा होता त्यांना. नागपूरचं कौन्सिल निघालं तेव्हापासून परवाच्या, तेव्हा तोंडावर आलेल्या, असेंब्लीपर्यंतच्या सहा निवडणुका, त्यांत कोण उभं राहिलं, कोण पडलं, लोक कसे वागले. मी हो म्हणालो तेव्हा माझ्या डोक्यात तूच होतास. भातकुलीच्या अलीकडे आमच्या गावी तू इतकी वर्षं शाळामास्तर, आणि निवडणूक आली की तहसीलदार तुलाच चावडीत टेबलामागे बसवणार, कारण पंचक्रोशीत दुसरं लिहितं माणूस मिळायचं नाही.

पहिल्या निवडणुकीचं पान वाचताना मला अजून हसू येतं. खादीवाल्यांनी बहिष्कार घातला होता, बाकीच्यांना कौन्सिल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तू लिहिलं आहेस, "दुपारपर्यंत चौघे आले. त्यांपैकी एक पेऱ्याची नोंद विचारायला आला होता, त्यास परत पाठविले. एक जण सावली पाहून बसला व झोपला." दुसऱ्या निवडणुकीला रंग चढला. लोक दमण्या जुंपून आले, बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली, आणि मत दिल्यावर प्रसाद मिळतो का म्हणून तुला दोघांनी विचारलं. हे असं सगळं तुझ्याजवळ होतं. तारखा, नावं यांपेक्षा मला तेच हवं होतं.

तिसऱ्या निवडणुकीत मी उभा राहिलो.

आता तो अर्ज भरणारा श्यामराव वकील मला परका वाटतो. चाळिशी आलेली नव्हती, वकिली बरी चालत होती आणि अमरावतीच्या बाररूममध्ये चार लोक म्हणाले, शेतकऱ्याचा शिकलेला पोरगा कौन्सिलात गेला पाहिजे. समोर देशमुख. त्यांची माणसं जास्त, घोडी जास्त. पण मी हिशेब मांडून बसलो होतो. शहराकडची गावं अर्धी-अर्धी होतील, पूर्णेकडची देशमुखांना जातील आणि आमचं गाव एकगठ्ठा माझं. गावात भावकीचीच पंधरा-वीस मतं होती, ज्याच्या नावावर शेत आणि ठरलेला सारा त्याला मत, आणि सगळी भावकी दादाच्या शब्दाबाहेर नाही. गावात मी प्रचारालाही गेलो नाही. घरच्या माणसांकडे काय मागायचं?

दादा तुला मी सांगायला नको. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्याने कासरा स्वतःच्या हातात घेतला आणि दप्तर माझ्या. त्याला अक्षरओळख नव्हती, अंगठा करायचा, आणि मी अमरावतीच्या शाळेत तुझ्या शेजारच्या बाकावर बसून इंग्रजी कविता पाठ करायचो. तुझी आई मला ओसरीवर वेगळं पान वाढायची, आणि तू आपलं ताट उचलून माझ्याजवळ येऊन बसायचास. तिने एकदा तुला दटावलं तर म्हणालास, "मले तिथे हवा लागते." त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानतो.

आणि ती धुऱ्याची गोष्ट आठवते? सुट्टीत तू आमच्या गावी आला होतास. आमच्या काकांचं आणि शेजारच्या शेतकऱ्याचं दोन शेतांमधल्या हातभर पट्टीवरून भांडण लागलं, पंच बसले, आणि पंचांत दादा होता. पंचविशीतला असेल तेव्हा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पट्टी शेजाऱ्याला दिली. काका वर्षभर आमच्या ओट्यावर चढले नाहीत. मी दादावर चिडलो होतो, घरच्यांचंच नुकसान करणारा हा कसला पंच? परतताना तू म्हणालास, "मले तुझ्या दादाची भीती वाटते आणि तो आवडतोही." ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही, आणि परवापर्यंत कळलं नव्हतं.

मतदानाच्या आधी तू तहसीलदारांकडे गेला होतास. उमेदवार माझा मित्र आहे, मला या केंद्रावर नेमू नका, असं सांगायला. ते म्हणाले, दुसरा लिहिणारा आणू कुठून? शपथ घ्या आणि बसा. तू शपथ घेतलीस आणि बसलास. हे तू मला सांगितलं नाहीस, तहसीलदारांनी पुढे कधी तरी सांगितलं.

तुझं काम काय होतं, हे आजच्या पोरांना सांगावं लागेल. ज्याला वाचता यायचं तो कागद घेऊन पडद्याआड जायचा आणि नावापुढे फुली करायचा. ज्याला येत नसे तो तुझ्याजवळ यायचा, हळूच नाव सांगायचा, आणि त्याच्या वतीने तू फुली करायचास. म्हणजे गावातल्या बहुतेकांचं मत तुझ्या कानातून तुझ्या हातात आणि हातातून पेटीत. आणि कोणी काय सांगितलं ते जन्मभर पोटात ठेवायचं.

मोजणीला मी टेबलाशी उभा होतो. आमच्या गावची पेटी उघडली आणि कारकून कागद लावू लागला. देशमुख. देशमुख. देशमुख. मी वाकून पाहिलं ते मतांकडे नाही, फुल्यांकडे. तुझी ती जांभळी पेन्सिल, जिभेवर ओली केली की शाईसारखी उमटणारी. एक रेघ लांब, दुसरी आखूड आणि खाली जरा वळलेली. मुलांच्या पाटीवर चुकलेल्या गणितावर तू अशीच फुली मारायचास, माझ्या पाटीवर गंमत म्हणून कितीदा मारली होतीस. एकामागून एक तुझ्या हातच्या फुल्या, देशमुखांच्या नावापुढे. मी सात मतांनी पडलो.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी तुला गाठलं. चारचौघांत विचारलं, "देशमुखांनी काय कबूल केलं तुला?" तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तू म्हणालास, "मी जे ऐकलं तेच केलं, श्याम. त्याच्यापुढे मले काही विचारू नको." मी आणखी बरंच बोललो. तू ऐकून घेतलंस आणि पायी गावाकडे निघून गेलास.

वर्षभर मी तुझं तोंड पाहिलं नाही. मग मला मुदतीचा ताप आला आणि शाळेला सुट्टी लागल्याबरोबर तू पिशवी घेऊन माझ्या दारात. तीन आठवडे उशाशी बसलास, पेज पाजलीस, माझं बरळणं ऐकलंस. उठून बसायला लागल्यावर मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं तर म्हणालास, "आधी मोसंबं खाय." एवढ्यावरच ते मिटलं. तू खोटं करणार नाहीस, हे मला मनातून पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तू खरा ठरलास की दुसरं कोणी तरी खोटं ठरत होतं. भावकी दादाच्या शब्दाबाहेर नव्हती. म्हणजे दादाने मला पाडलं.

त्याला तर मी तेव्हाच पत्र टाकलं होतं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, रागाच्या भरात. तुमचा माझा संबंध संपला, दारात येऊ नका, असं आणि आणखी काही. दादाला वाचता येत नव्हतं, आणि गावात पत्र वाचून दाखवणारा एकच माणूस होता, हे मला पत्र लिहिताना सुचलं नाही. की सुचलं होतं? या वयात मी स्वतःची उलटतपासणी घेत नाही.

मग वीस वर्षं मी कारणं शोधली. वकील आहे, कारणांना काय तोटा. दादाला माझ्या शिक्षणाचा हेवा वाटला असेल. देशमुखांचा दाब पडला असेल. कौन्सिलात गेलो की शेतीची वाटणी मागेन असं वाटलं असेल. थोडी वर्षं एक कारण खरं धरायचो, मग दुसरं. तुला विचारलं की तू एकच म्हणायचास, "त्याले विचार." मी म्हणायचो, तुला माहीत आहे ना? तू म्हणायचास, "मले माहीत असण्याचा काय संबंध? मत त्याचं. त्याले विचार." याच्यावर आपण किती भांडलो. शपथ मोठी की दोन भाऊ मोठे, असं मी एकदा टेबलावर हात आपटून विचारलं होतं. तू चहा थंड होऊ दिलास. मला वाटलं, तुझ्याजवळ उत्तर नाही.

दुसरं एक तुझं टुमणं होतं. चौथी निवडणूक आली, तू म्हणालास, "या वेळी उभा राहा." त्या वेळी निम्मे पुढारी तुरुंगात, कशाचा कशाला मेळ नाही. मी म्हटलं, वेड लागलं का? असेंब्लीची पहिली निवडणूक आली, मतदार कितीतरी वाढले, आपल्या गावच्या बाया नवी लुगडी नेसून रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हाही तू आधी महिनाभर माझ्या मागे लागला होतास. "उभा राहा, श्याम. पडलास तरी चालन, पण उभा राहा." पडायला मी उभा राहू? मला ते चिडवणं वाटायचं. एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा आखाड्यात ढकलून मजा पाहायची, असं.

आणि मधल्या काळात तू मोठ्यांची शाळा काढलीस. दुपार कलली की मारुतीच्या पारावर पाच-सहा मिशीवाले पाटी घेऊन बसायचे. मी कोर्टातल्या लोकांना सांगून हसायचो, आमचा दिगू आता आजोबांना बाराखडी शिकवतो. त्यांत दादाही असतो, असं कोणी तरी सांगितलं तेव्हा मी विषय बदलला. गंमत म्हणजे तू मला एकदा म्हणालास, तुझं नाव ठळक अक्षरात कागदावर लिहून दे, छापलेलं असतं तसं. कशाला, विचारलं तर म्हणालास, "पाहिजे आहे." मी दिलं लिहून. सत्कारबित्कार असेल म्हणून मनातून सुखावलोही होतो.

तिसऱ्यांदा तू म्हणालास ते अकोल्यात. पेन्शनीनंतर तू कुसुमकडे राहायला गेलास, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात, गल्लीतल्या त्या माडीवर. परवाच्या निवडणुकीचे अर्ज भरायचे होते. तुझे पाय सुजले होते, दम लागत होता, आणि त्या अवस्थेतही तू तेच काढलंस. "श्याम, हे शेवटचं म्हणतो. उभा राहा." मी दिवसभर केस लढवून आलो होतो, गाडीत बसायला जागा मिळाली नव्हती. मी म्हणालो, "तुला मरता मरता माझं हसं करायचं आहे का?" तू भिंतीकडे तोंड केलंस. मी टोपी उचलली आणि जिना उतरलो. खाली कुसुम चहा घेऊन उभी होती, तोही घेतला नाही.

हे आपलं शेवटचं बोलणं, दिगू. पत्रं लिहायला घेतली आणि फाडली. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करता करता तार आली.

मोर्णेच्या काठी फार माणसं नव्हती. तुझे जावई, गल्लीतले काही लोक, दोन-तीन जुने विद्यार्थी. आणि थोडा बाजूला, उपरणं खांद्यावर, अनवाणी, दादा. वीस वर्षांत मी त्याला लग्नाकार्यात लांबून पाहिलं होतं, इतक्या जवळून नाही. पाठ वाकली आहे. डोळ्यांत पडदा आल्यासारखा वाटतो. कुसुम दादाकडे पाहून रडत रडत म्हणाली, "पाटीलकाका दर दोन महिन्यांनी यायचे बाबांना भेटायला." मला हेही माहीत नव्हतं.

बडनेऱ्याची गाडी दोघांची एकच. स्टेशनवर एकच बाक सावलीत होता. मी एका टोकाला बसलो, तो दुसऱ्या टोकाला. ऊन मी म्हणत होतं. त्याने पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, झाकण उघडलं, दोन घोट घेतले आणि झाकण लावून तांब्या पुन्हा पिशवीत ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्याकडे अनोळखी माणसालाही आधी विचारतात. मला ते फार लागलं.

आणि दिगू, तेव्हा मी विचारलं. तुझ्या सांगण्यावरून म्हण, की तू आता भांडायला नाहीस म्हणून म्हण. म्हणालो, "दादा, तेव्हा तुम्ही मला मत का दिलं नाही?"

तो माझ्याकडे वळला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. असं वाटलं, कोणी तरी बऱ्याच दिवसांनी घरी आल्यावर माणूस पाहतो, तसा पाहत होता.

"पंचानं घरच्या मानसासाठी बोलाव नाही, श्याम," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मी म्हटलं, कसला पंच?

"सरकारनं नाव पुकारून बलावलं. टेबल मांडलेलं, शिपाई उभा. इचारलं, दोघांतला कोन? म्हंजे न्याव सांगाले बलावलं का नाही? एकीकडून माहा भाऊ उभा. मंग म्या कसं म्हनू का भावाले द्या? लोक काय म्हनतीन? जन्मभर पंच म्हनून बसलो अन् घरचं आलं तं घरचं ओढलं? न जावं तं नाव पुकारलेलं. म्हनून म्या देशमुखाले देल्लं. भावकीलेही तसंच सांगतलं. मले वाटे, तू चांगला हायेस, बाहीरचे लोक देतीनच तुले."

रुळांवरून एक मालगाडी गेली, सरकीच्या पोत्यांची. वीस वर्षांत मी जेवढी कारणं काढली होती त्यांत हे नव्हतं. हे कारण काढायला दादाच असावा लागत होता. धुऱ्याची पट्टी शेजाऱ्याला देणारा.

"दिगूनं सांगितलं नाही का तुम्हाला, की इथे तसं नसतं?"

"तवा नाही सांगतलं. म्या नाव सांगतलं तं मास्तरानं माह्याकडे पाह्यलं. पेन्सिल दोनदा ओली केली. पन बोलला नाही काही. मंग निकाल लागल्यावर चालत घरी आला. म्हने, पाटील, मताच्या पेटीत भावालेही देता येते, त्यात पाप नाही. म्या म्हटलं, मंग तवाच काहून नाही बोलला? तं म्हने, त्या जागी बसून सांगनं मले मना होतं." दादाने उपरणं सारखं केलं. "म्या म्हटलं, मंग बरं केलं. त्या जागी बसला तं असंच पाह्यजे."

ऐकतोस ना? माझी दोन माणसं. दोघांनाही खुर्चीवर बसून माझं नाव घेणं जमलं नाही, आणि दोघांनाही एकमेकांचं बरोबर वाटलं. मी मात्र रोज फी घेऊन आपल्याच पक्षकाराची बाजू मांडतो आणि मला ते कळायला वीस वर्षं लागली. पंधरा-वीस वेळा तू ती पेन्सिल जिभेला लावली असशील. प्रत्येक वेळी तुला दिसत असेल की ही चूक आहे, एका शब्दाने सुधारेल, आणि तो शब्द तू गिळलास. त्या दिवशी मी पडलो, हे मी जगाला सांगत फिरलो. त्या दिवशी तुझं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

"मंग म्या ठरवलं," दादा सांगत होता, "पुन्हा हे काम त्या मानसाच्या हातून करून घ्याचं नाही. आपली फुली आपनच माराची. पारावर बसलो. मास्तरानं आधी तुहं नाव शिकवलं, कागदावरून. माहं मंग. तं तू उभाच नाही राह्यला."

"दादा, तुम्ही मला एकदा तरी..."

"तूनं लिवलं होतं ना, दारात येऊ नका म्हनून." मग तो रुळांकडे पाहत म्हणाला, "मास्तरानं वाचून दाखवलं तवा एक ओळ गाळली होती त्यानं. ते मले मंग कळलं. वाचाले आलं तवा."

मला ती ओळ आठवली. यापुढे तुमच्या घरचं पाणीही मी पिणार नाही, असं मी लिहिलं होतं. आमच्या त्या खाऱ्या पाण्याच्या गावात, जिथे गोडं पाणी कोसावरून आणतात आणि पाहुण्याला आधी तेच देतात, तिथे मी हे लिहिलं होतं. तू ते वाचलंस, आणि शपथेतलं अक्षर न सोडणारा तू, ती ओळ सोडून पुढे गेलास. पण वाचायलाही तूच शिकवलंस. म्हणजे तुला माहीत होतं, एक दिवस तो ती ओळ वाचणार.

मी दादाकडे पाणी मागितलं. त्याने पिशवीत हात घातला, फिरकी उघडली आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी सगळं प्यायलो. त्याच्यासाठी ठेवायचं भान राहिलं नाही. त्याने रिकामा तांब्या परत घेतला, फिरकी लावली आणि पिशवीत ठेवला.

डब्यात बसल्यावर त्याने विचारलं, "आता पुढची निवडनूक कवा?"

मी म्हटलं, "दादा, मी आता अठ्ठावन्न वर्षांचा झालो. आता कसली निवडणूक?"

"मी तुह्याहून दहा वर्षानं मोठा हाओ," तो म्हणाला. "मी थांबलोच ना."

काल तो अमरावतीला आला. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी जेवला, ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी, आणि भाजीत मीठ कमी आहे असं माझ्या बायकोला तोंडावर सांगितलं. जेवण झाल्यावर मी त्याला आपली वही दाखवली. तिसऱ्या निवडणुकीचं पान उघडून म्हणालो, "दादा, मत तुमचं होतं. तुम्ही हो म्हणाल तर लिहितो, नाही तर राहू द्या कोरं." तू असतास तर एवढं विचारल्याबद्दल माझी पाठ थोपटली असतीस. मला यायला थोडा उशीर झाला, एवढंच.

तो म्हणाला, "लिव. पन आधी मले दे."

कुसुमने तुझ्या सामानातून मला तुझी जांभळी पेन्सिल दिली आहे, बोटभर उरलेली. तीच त्याला दिली. त्याने वही गुडघ्यावर घेतली, पेन्सिल जिभेवर ओली केली आणि लिहायला लागला. खूप वेळ लागला. अक्षरं मोठी, एक वर एक खाली, पण त्यांना छापल्याची ढब आहे, मी तुला लिहून दिलेल्या कागदासारखी. श्यामराव. मग त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि नावापुढे एक फुली मारली. एक रेघ लांब, दुसरी आखूड आणि खाली जरा वळलेली.